रिदमचं नाव नंतर, आधी दिसतंय ते सांग

पत्र

ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स आहे. मेडिकल वॉर्डात काही वर्षं काढली, आता आयसीयूत बदली झाली आहे. मॉनिटर वाजला की माझे हातपाय गार पडतात. मागच्या नाइटला एका पेशंटच्या मॉनिटरवर काहीतरी वेगळं दिसलं म्हणून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "रिदम कोणता आहे?" मला सांगता येईना. "मग फोन कशाला केलात?" असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. तेव्हापासून मैत्रिणीच्या नोट्स घेऊन बसते. त्यात चाळीसेक रिदम आहेत. आज पाठ केलेलं उद्या एकमेकांत मिसळतं. ईसीजी वाचणं खरंच आम्हाला जमण्यासारखं आहे का, की ते डॉक्टरांचंच काम? एक ऑनलाइन कोर्स आहे, फी बरीच आहे. करू का?

— एक स्टाफ नर्स, मराठवाडा

उत्तर

अगं, त्या नोट्स आधी कपाटात ठेव. त्या वाईट असतील असं नाही, पण त्या उलट्या दिशेने लिहिलेल्या असतात. वर रिदमचं, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या तऱ्हेचं, नाव, खाली त्याची लक्षणं. ड्यूटीवर नाव कुठे लिहिलेलं असतं? तिथे आधी लक्षणं दिसतात आणि नाव सगळ्यात शेवटी येतं. कधीकधी येतही नाही, आणि तरी काम अडत नाही.

तुझ्या त्या फोनचंच घे. "रिदम कोणता?" या प्रश्नाला तू असं म्हणाली असतीस तर? "सर, नाव सांगता येत नाही. रेट 170 आहे, अगदी रेग्युलर आहे, क्यूआरएस बारीक आहे, पी दिसत नाही. बीपी 100/60, पेशंट शुद्धीवर आहे, छातीत धडधडतंय म्हणतो." हे पूर्ण उत्तर आहे. (पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची छोटी लाट, क्यूआरएस म्हणजे खालच्या कप्प्यांची टोकदार लाट, तिचं वरचं टोक म्हणजे आर.) पलीकडचा डॉक्टर अर्धवट झोपेत असला तरी एवढ्यावरून त्याला एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारा वेगवान रिदम, दिसायला लागेल. उलट तू नुसतं "सर, एसव्हीटी वाटतंय" म्हणाली असतीस, तर त्याला हेच पाच प्रश्न परत विचारावे लागले असते. म्हणून पहिले काही आठवडे नाव सांगायचा हट्टच सोडून दे. दिसतं ते सांगायला शीक.

जमेल का, हे तर विचारूच नकोस. 1960च्या दशकात अमेरिकेत हृदयविकाराच्या पेशंटसाठी वेगळी युनिट्स सुरू झाली, तेव्हा नेमका हाच प्रश्न आला होता: मॉनिटर चोवीस तास चालू, पण डॉक्टर चोवीस तास पलंगाशी नाही. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि नर्स रोझ पिनिओ यांनी नर्सेसना रिदम ओळखायला शिकवलं, आणि गरज पडली तर डॉक्टरची वाट न बघता शॉक द्यायलाही. ते युनिट चाललं ते त्या जोरावर. त्यामुळे हे डॉक्टरांचं काम आणि आपण त्यात लुडबुड करतोय, असं मनात आणू नकोस. स्क्रीनसमोर रात्रभर बसलेलं माणूस आपणच असतो.

आता कामाचं बोलू. सुरुवात कागदापासून कर, हृदयापासून नाही.

ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. लहान चौकोन 1 मिलिमीटरचा, म्हणजे 0.04 सेकंद. असे पाच मिळून एक मोठा चौकोन, 0.2 सेकंद. पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद, आणि तीनशे मोठे चौकोन म्हणजे एक मिनिट. हे तीनशे लक्षात राहिलं की रेट तोंडी काढता येतो. दोन आरच्या टोकांमध्ये एक मोठा चौकोन असेल तर रेट 300, दोन असतील तर 150, तीन 100, चार 75, पाच 60, सहा 50. हा पाढा मात्र पाठ कर, बाकी काही नाही केलंस तरी चालेल. रिदम अनियमित असेल तर हा हिशेब फसतो. तेव्हा तीस मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद, मोजून घे, त्यात किती क्यूआरएस आले ते बघ आणि दहाने गुण.

उभ्या दिशेला 10 मिलिमीटर म्हणजे 1 मिलिव्होल्ट. पट्टीच्या सुरुवातीला किंवा शेवटी एक चौकोनी उंचवटा छापलेला असतो, तो कॅलिब्रेशनचा, म्हणजे मापाची खूण. तो दोन मोठे चौकोन उंच असला पाहिजे. एकच असेल तर कुणीतरी मशीन निम्म्यावर ठेवलं आहे आणि सगळ्या लाटा बुटक्या दिसणार आहेत. कागदावर 25 ऐवजी 50 छापलेलं असेल तर सगळं रुंद दिसेल आणि तुझा पाढा निम्मा रेट सांगेल. वाचायला लागण्याआधी या दोन गोष्टींवर नजर टाकायची सवय लाव. मोठमोठे लोकही हे बघत नाहीत आणि मग "लो व्होल्टेज" वगैरे लिहून मोकळे होतात.

यानंतर पाच प्रश्न, रोज त्याच क्रमाने. रेट किती? रेग्युलर आहे का? क्यूआरएस बारीक की रुंद? पी आहे का? आणि पीचा क्यूआरएसशी काय संबंध? क्रम मोडू नकोस. एखादी विचित्र लाट दिसली की डोळा तिकडे धावतो आणि मग समोरचा साधा ब्लॉक (करंटच्या वाटेतला अडथळा) सुटून जातो.

रेग्युलर आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नकोस, विशेषतः रेट जास्त असताना. एखाद्या कोऱ्या कागदाची कड पट्टीवर ठेव, शेजारच्या दोन आरच्या टोकांखाली पेनाने दोन खुणा कर आणि कागद पुढे सरकवत ने. प्रत्येक आर खुणेवर बसला तर रेग्युलर. 160च्या रेटला एएफ (वरचे कप्पे थरथरत असतानाचा अनियमित रिदम) हमखास रेग्युलर वाटतं, आणि ही साधी कागदाची कड ते पकडते. तेव्हाच दुसरा हात पेशंटच्या मनगटावर ठेव. एएफमध्ये नाडी कधी भरलेली, कधी पुसट लागते, एखादा ठोका मनगटापर्यंत पोहोचतच नाही. स्क्रीनवर 140 आणि बोटाला 110 असं होतं. टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर कोणता आकडा लिहायचा यावरून वाद घालण्यापेक्षा दोन्ही लिही.

क्यूआरएस तीन लहान चौकोनांपेक्षा कमी, म्हणजे 0.12 सेकंदाच्या आत असेल, तर करंट वरून नेहमीच्या वाटेने खाली आलेला आहे. तीन किंवा जास्त असेल तर एक तर ठोका खालच्या कप्प्यात, व्हेंट्रिकलमध्येच, सुरू झालाय, किंवा करंट नेणाऱ्या फांदीत अडथळा, म्हणजे बंडल ब्रांच ब्लॉक, आहे, किंवा पोटॅशियमसारखं काहीतरी बिघडलंय. कोणतं, हे ठरवणं अनुभवी माणसांनाही अवघड जातं. तुझ्यासाठी नियम एकच: रुंद आणि वेगवान असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यातून उठणारा धोक्याचा वेगवान रिदम. पेशंटला आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर मग शंकाच घेऊ नकोस.

पी बघायला लीड टू घे (लीड म्हणजे हृदयाकडे बघायचा एक कोन). सायनस, म्हणजे नेहमीच्या, रिदममध्ये पी तिथे सरळ, वर आलेली असते, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक, आणि पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत तीन ते पाच लहान चौकोन. पाचाच्या पुढे गेलं की पीआर लांबलेला, फर्स्ट डिग्री ब्लॉक. त्याने सहसा लगेच काही होत नाही. पण केस पेपरवर लिहून ठेव, कारण कालचा पीआर पाच चौकोन आणि आजचा आठ ही बातमी असते. पीआर दर ठोक्याला वाढत जाऊन एक क्यूआरएस गळला तर वेंकेबाख. पीआर न बदलता क्यूआरएस अचानक गळायला लागला तर ते जास्त गंभीर, लगेच कळवायचं. आणि कम्प्लीट ब्लॉकमध्ये पी आपल्या गतीने, क्यूआरएस आपल्या गतीने, एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांसारखे. पीच्या खुणा कागदाच्या कडेवर घेतल्यास तर त्या सगळीकडे बरोबर बसतात, काही क्यूआरएसमध्ये लपलेल्या असतात एवढंच. रेट तीस-चाळीस, पेशंटला चक्कर. अशा वेळी पेसिंगची, म्हणजे बाहेरून करंट देऊन ठोके चालवायची, सोय कुठे आहे हे तुला आधीच माहीत असायला हवं.

पहिल्या महिन्यात एवढ्याच रिदमशी ओळख कर: सायनस, सायनस टॅकी (वेगवान सायनस), एएफ, एसव्हीटी, व्हीटी, व्हीएफ (खालचे कप्पे नुसते थरथरतात, नाडी लागत नाही), कम्प्लीट ब्लॉक आणि सरळ रेघ. जमल्यास फ्लटर. फ्लटरमध्ये एट्रियमचा, म्हणजे वरच्या कप्प्याचा, वेग मिनिटाला साधारण 300 आणि त्यातले निम्मे ठोके खाली उतरतात, म्हणून रेट 150 वर चिकटून बसतो. ताप उतरला, सलाइन गेलं, दुखणं थांबलं तरी तासन् तास 148-150-151, हलतच नाही, असं दिसलं की बेसलाइन दातेरी आहे का ते नीट बघ. सायनस टॅकी असा एका जागी बसत नाही. पेशंट कण्हला की तो वाढतो, झोपला की उतरतो.

आता मशीनचं. वाचण्यापेक्षा काढणं आधी, आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहे. आयसीयूत मी पाहिलेल्या घोटाळ्यांपैकी बरेच वाचण्यातले नव्हते, लावण्यातले होते.

आपल्याकडच्या बहुतेक ईसीजी मशीनला उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी आणि उजव्या पायाला काळी वायर असते. पण मॉनिटर अमेरिकन पद्धतीचा असेल तर उजवीकडे पांढरी, डाव्या हाताला काळी आणि डाव्या पायाला लाल येते. एकाच युनिटमध्ये दोन्ही नांदत असतात. म्हणून रंगावर जाऊ नकोस, वायरवरची अक्षरं वाच. हातांच्या वायरी उलट लागल्या की लीड वन पूर्ण उलटी येते, पी, क्यूआरएस, टी (क्यूआरएसनंतरची लाट) सगळं खाली, आणि एव्हीआर ही लीड, जी एरवी खाली असते, ती वर येते. मग मशीन वरच्या कोपऱ्यात भलतंच निदान छापतं, घरचे घाबरतात, इको होतो. असा ईसीजी हातात आला की आधी चेस्ट लीड्स बघ. व्ही वनपासून व्ही सिक्सपर्यंत आर व्यवस्थित वाढत गेला असेल तर हृदय जागेवर आहे, वायरी चुकल्या आहेत. काढ परत.

चेस्ट लीड्समध्ये सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्ही वन आणि व्ही टू गळपट्टीजवळ लावणं. घाई, वर पेशंटची लाज, त्यामुळे हात वरच थांबतो. योग्य जागा अशी शोध: गळ्याखालच्या खळगीत बोट ठेव आणि छातीच्या हाडावरून खाली सरकव. दोन-तीन बोटं खाली एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून तिसरी, चौथी मोज. चौथ्या फटीत हाडाच्या उजवीकडे व्ही वन, डावीकडे व्ही टू. मग आधी व्ही फोर लाव, पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर, आणि व्ही थ्री त्याच्या नि व्ही टूच्या मधोमध. व्ही फाइव्ह काखेच्या पुढच्या कडेला, व्ही सिक्स काखेच्या मध्यावर, दोन्ही व्ही फोरच्याच पातळीत. व्ही वन-टू वर गेले तर टी उलटी येऊ शकते, आर बुटका येऊन जुन्या अटॅकचा भास होऊ शकतो. बायकांचा ईसीजी काढताना स्तन हलक्या हाताने उचलून त्याखाली लीड लावायची, आणि पडदा ओढून, चादर असूनच. पेशंट आकसून बसली की स्नायूंची थरथर पट्टीवर उतरते, त्यामुळे तिची लाज राखणं हे तांत्रिक कामसुद्धा आहे. घाम पुसून घे, जेली एका लीडची दुसरीला मिळेल एवढी थापू नकोस.

आणि मॉनिटरचे इलेक्ट्रोड रोज बदल. आतली जेल सुकली की खोटे अलार्म सुरू होतात, आणि मग कुणीतरी वैतागून अलार्मच बंद करून ठेवतं. तो बंद केलेला अलार्म पाहिला की मला आजही राग येतो. लिमिट पेशंटप्रमाणे बदल, पण आवाज बंद नको.

मॉनिटरवर अचानक भयंकर काही दिसलं तर? स्क्रीनकडे पाठ कर आणि पेशंटकडे बघ. इथे एक फरक नीट समजून घे, कारण अर्धवट माहितीने घात होतो. स्क्रीनवर व्हीएफ दिसतंय आणि पेशंट चहा मागतोय, तर ते व्हीएफ नाही. वायर हलतेय, नाहीतर तो दात घासतोय. व्हीएफमध्ये माणूस शुद्धीवर राहूच शकत नाही. पण स्क्रीनवर व्हीटी दिसतंय आणि पेशंट चहा मागतोय, तर ते खरंच व्हीटी असू शकतं! बोलतोय म्हणजे व्हीटी नाही, हा समज अनेक वॉर्डांत फिरतो आणि तो चुकीचा आहे. बीपी टिकून असलेला व्हीटीचा पेशंट थोडा वेळ बोलत राहतो, मग एकाएकी कोसळतो. तेव्हा क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या सामानाची ट्रॉली) पलंगाशी ओढ, डीफिब (शॉक द्यायचं यंत्र) लाव, बारा लीडचा ईसीजी काढ आणि फोन कर, पेशंटशी बोलत बोलत.

वायरीचा गोंधळ ओळखायला सॅच्युरेशनची, म्हणजे बोटावरच्या ऑक्सिजन मापकाची (एसपीओटू), लाट मदत करते. वरची ओळ थैमान घालतेय आणि खाली एसपीओटूची लाट 78च्या गतीने शांत चालली आहे, तर संशय वायरीवर. दोन्ही एकाच वेळी बिघडल्या तर पेशंटवर. सरळ रेघ आली तरी आधी पेशंट, मग लीड, मग गेन (लाटेची उंची कमी-जास्त करणारी सेटिंग). पेशंट प्रतिसाद देत नसेल, नाडी नसेल, तर मदतीला हाक मार आणि छाती दाबायला सुरुवात कर. सरळ रेघेला शॉक देत नाहीत, सिनेमात देत असले तरी.

मॉनिटर पाहून एसटीवर, म्हणजे क्यूआरएस आणि टी यांच्यामधल्या भागावर, मत देऊ नकोस. मॉनिटर लाट गाळून दाखवतो, त्यात एसटी खालीवर होतो. छातीत दुखतंय म्हटलं की पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत बारा लीडचा ईसीजी झाला पाहिजे आणि कुणीतरी तो बघितलाही पाहिजे. नुसता काढून फाइलला लावलेला ईसीजी काही कामाचा नाही. टू, थ्री, एव्हीएफ ही खालची भिंत. व्ही वन ते व्ही फोर पुढची. वन, एव्हीएल, व्ही फाइव्ह, व्ही सिक्स बाजूची. शेजारशेजारच्या लीड्समध्ये एसटी वर गेलेला दिसला की नाव शोधत बसू नकोस, फोन कर. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून अटॅक नाही असं होत नाही. दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने परत काढ, आणि दोन्हींवर वेळ नि "दुखत असताना" की "थांबल्यावर" हे पेनाने लिही. थर्मल कागद वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो, त्यामुळे महत्त्वाच्या ईसीजीची झेरॉक्स लाव.

तू मराठवाड्यात आहेस म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगते. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे काही ठिकाणी जिला बिट्टी म्हणतात तिच्या, बिया खाऊन आलेला पेशंट तुला भेटणारच. त्या बियांतलं विष हृदयावर डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखं काम करतं. रेट उतरतो, पीआर लांबतो, ठोके गळतात, मधेच रुंद एक्टोपिक (अवेळी आलेले) ठोके येतात. हे काही तासांनी सुरू होऊ शकतं. पोरगी उलट्या करून बरी दिसतेय, पहिला ईसीजी चांगला आहे, घरचे म्हणतात सोडा. मॉनिटर काढायचा नाही. पीआर दर थोड्या वेळाने मोजून चार्टवर लिही, त्या आकड्यांची रांगच डॉक्टरला पुढचा निर्णय घ्यायला उपयोगी पडते. दुसरा, डायलिसिस चुकवून आलेला पेशंट. टी उंच, अरुंद, टोकदार. मग पी चपटी होत नाहीशी होते. मग क्यूआरएस रुंदावत जातो. लॅबमधून पोटॅशियमचा रिपोर्ट येण्याआधी कागद हे सांगतो. रिपोर्टची वाट बघत थांबू नकोस.

आणखी एक, आपल्या भागात अजूनही दिसणारं: तिशीतली बाई, दम लागतो, रिदम एएफ. एएफ म्हाताऱ्यांचा आजार म्हणून सोडू नकोस. लहानपणी र्‍हुमॅटिक ताप येऊन झडप आकसलेली असू शकते. गरोदर असेल तर जास्तच सांभाळून.

ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतेसच, तर नीट पाठव. ही काही आजची टूम नाही. ज्यांनी या लाटांना पी-क्यू-आर-एस-टी ही अक्षरं दिली त्या विलेम आइन्थोव्हेन यांनी 1905 साली लायडनच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटचा ट्रेस टेलिफोनच्या तारेतून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. त्यांचं यंत्र इतकं अवजड होतं की ते पेशंटपाशी नेणं शक्य नव्हतं, आणि इलेक्ट्रोड म्हणजे खाऱ्या पाण्याची भांडी, त्यात पेशंटने हातपाय बुडवून बसायचं. 1924 साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे यंत्र ट्रॉलीवर आणि फोन खिशात, तरी ईसीजीचा फोटो तिरका, अर्धा कापलेला आणि वर ट्यूबलाइटची चमक असलेला जातो. कागद सपाट ठेव, वरून सरळ फोटो काढ, कॅलिब्रेशनचा चौकोन आणि पेपर स्पीड दिसू दे. कोपऱ्यातलं नाव मात्र झाक.

सराव कसा करायचा, तर दर शिफ्टला एकाच पेशंटची पट्टी घे. मशीनने वर छापलेलं निदान अंगठ्याने झाक, पाच प्रश्नांची उत्तरं एका वहीत लिही, मग अंगठा काढ. मशीनचं उत्तर वेगळं आलं तर तुझंच चुकलं असं धरू नकोस. उंच टीला दुसरा आर समजून मशीन रेट दुप्पट छापतं, हे तू बोटाने नाडी मोजून सहज पकडशील. शेवटी जुना ईसीजी शोध आणि शेजारी ठेव. वीस वर्षांचा बंडल ब्रांच ब्लॉक आणि आज सकाळचा बंडल ब्रांच ब्लॉक कागदावर सारखेच दिसतात, पेशंटच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक. राउंडला डॉक्टर निवांत असतील तेव्हा वहीतलं एकच पान पुढे कर. "सर, मला शिकवा" म्हटलं की कुणाला वेळ नसतो, "सर, इथे मला पी दिसत नाही, तुम्हाला दिसते का?" याला उत्तर मिळतं.

ओरडणाऱ्या डॉक्टरांचं काय? फोन करताना आधी कोण बोलतेय, कोणता बेड, पेशंट कशासाठी ॲडमिट. मग काय बदललं आणि कधीपासून. मग पाच उत्तरं. मग बीपी, सॅच्युरेशन, शुद्ध. आणि शेवटी तुला काय हवंय, "तुम्ही यावं असं मला वाटतं". हे शेवटचं वाक्य आपल्या बायकांच्या घशात अडकतं. म्हण. फोन केल्याची वेळ, काय सांगितलं आणि काय उत्तर मिळालं हे नर्सिंग नोट्समध्ये लिही, कुणावर राग म्हणून नाही, पेशंटसाठी आणि तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा फोन करायची वेळ आली तर कर. तरीही कुणी आलं नाही आणि पेशंट उतरतोय, तर इनचार्जला आणि त्यांच्या वरच्या डॉक्टरला फोन करणं हा आगाऊपणा नाही.

एसव्हीटीला ॲडेनोसिन (तो रिदम मोडायचं इंजेक्शन) द्यायची ऑर्डर झाली तर मात्र तुझ्या काही गोष्टी तयार असू देत. हाताच्या कोपरातली मोठी व्हेन, कारण औषध काही सेकंदांत विरतं आणि मनगटावरच्या बारीक सुईतून ते हृदयापर्यंत पोहोचतच नाही. मागून लगेच सलाइनचा जोरदार फ्लश. आणि औषध जात असताना पट्टी चालू ठेव. त्या काही सेकंदांत पी किंवा फ्लटरचे दाते उघडे पडतात, तो कागद पुढच्या डॉक्टरसाठी सोन्याचा. पेशंटला आधी सांग की क्षणभर छातीत घाबरं होईल, जीव गेल्यासारखं वाटेल, पण ते लगेच जाईल. न सांगता दिलं तर तो परत कधी व्हेन काढू देणार नाही.

कोर्सचं विचारलंस. आत्ता नको. आधी बीएलएस (जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) आणि जमलं तर एसीएलएस (त्याच्या पुढचं, हृदयाच्या इमर्जन्सीचं) कर. त्यात रिदमही येतात आणि त्यांच्यावर हात चालवायलाही मिळतो. मेट्रनना विचार, काही ठिकाणी संस्था निम्मा खर्च उचलते, पण न मागता कुणी देत नाही. तीन महिने वही भरून झाल्यावर नेमकं कुठे अडतंय ते तुला कळेल. तेव्हा त्या ऑनलाइन कोर्सचा एखादा फुकट धडा बघ. त्यात नाव न लिहिलेल्या पट्ट्या वाचायला देत असतील तर पैसे भर. नुसती रंगीत स्लाइड आणि चाळीस नावं असतील तर मैत्रिणीच्या नोट्स आहेतच.

वहीतली एखादी पट्टी अडली तर मला पाठव. पेशंटचं नाव आणि आयपी नंबर झाकून, आणि तुझी पाच उत्तरं लिहूनच पाठव. कोऱ्या पट्टीला मी उत्तर देणार नाही.